लिंक इकडची, ब्राउझर तिकडचा

सरकारी कामाची लिंक क्रोममध्ये उघडत नाही आणि एजमध्ये उघडते, किंवा बरोबर उलटं होतं, हा अनुभव नसलेला शिक्षक महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. त्यावरचा आपला उपायही ठरलेला आहे. पत्ता कॉपी करायचा, दुसरा ब्राउझर उघडायचा, पेस्ट करायचा, पुन्हा लॉगिन, पुन्हा कॅप्चा. दिवसातून एकदा चालून जातं. शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस असले आणि शाळेत चालणारे संगणक दोनच असले, की हीच कॉपी-पेस्ट तासिकाच्या तासिका खाऊन टाकते.

या कामासाठी ब्राउझरला एक छोटं एक्स्टेन्शन जोडता येतं. लिंकवर राइट क्लिक केलं की यादीत ‘दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा’ अशा अर्थाचा एक पर्याय दिसू लागतो. तो दाबला की क्रोममधली लिंक फायरफॉक्समध्ये उघडते, किंवा फायरफॉक्समधली एजमध्ये. अशी एक्स्टेन्शन फुकट मिळतात. माझ्या ओळखीतल्या बहुतेक शिक्षकांना ती माहीतच नाहीत. ज्यांना माहीत आहेत ते त्यांची तारीफ गरजेपेक्षा जास्त करतात. मला दोघांशीही थोडं बोलायचं आहे.

आधी माहीत नसलेल्यांशी. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. मराठीचं पान आज कुठल्याही ब्राउझरमध्ये जवळपास सारखंच दिसतं. उर्दूचं तसं नाही. उर्दू वाचणाऱ्याच्या डोळ्याला नस्तालीकची सवय असते. शब्द उजवीकडून वरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरतो, अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर बसतात. अरबी छपाईची नस्ख ही सपाट, ओळीवर चालणारी. अक्षरं तीच, युनिकोडमधले त्यांचे क्रमांकही तेच. कुठली वळणं दिसणार ते फॉन्टवर ठरतं. संकेतस्थळ बनवणाऱ्याने एखादा सर्वसाधारण अरबी फॉन्ट नेमून दिला असेल तर उर्दू मजकूर नस्खमध्ये दिसतो. मोठी माणसं तो वाचून घेतात. पण ज्या मुलाने बालभारतीचं उर्दू पुस्तक नस्तालीकमध्ये पाहिलं आहे, ते पाचवीतलं मूल पडद्यावर नस्ख पाहिल्यावर अडखळतं. त्याला वाटतं हे आपलं उर्दू नाहीच, कुराणाच्या तासाचं काहीतरी आहे. वाचनाची गोडी लागायच्या वयात हा अडथळा छोटा नसतो.

फायरफॉक्समध्ये यावर चांगली सोय आहे. सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या प्रगत पर्यायांत जाऊन लिपीनुसार फॉन्ट निवडता येतो. अरबी लिपीसाठी नोटो नस्तालीक उर्दू किंवा जमील नूरी नस्तालीक निवडायचा आणि ‘पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू द्या’ या चौकटीतली खूण काढून टाकायची. मग बहुतेक उर्दू पानं नस्तालीकमध्ये येतात. क्रोमच्या नेहमीच्या सेटिंग्जमध्ये लिपीवार निवड नाही.

याचे दुष्परिणामही आहेत. लिपी एकच असल्यामुळे अरबी संकेतस्थळंही नस्तालीकमध्ये दिसतात आणि अरबी आयत नस्तालीकमध्ये पाहणं म्हणजे अब्बांना कोट-टायमध्ये पाहण्यासारखं आहे, ओळख पटते पण नजर बसत नाही. शिवाय नस्तालीकला उंची जास्त लागते. ओळींमधलं अंतर कमी ठेवलेल्या पानावर वरची अक्षरं छाटली जातात. काही पानांची बटणं आणि चिन्हंही बिघडतात. म्हणून हा ब्राउझर सगळ्या कामांना वापरता येत नाही. उर्दू वाचायला फायरफॉक्स आणि बाकी कामाला क्रोम अशी वाटणी करावी लागते. मेलमध्ये आलेली उर्दू लेखाची लिंक राइट क्लिक करून तिकडे पाठवायची. या वापरात कुणाची चूक नाही, कुणावर रागही नाही. एका घरात दोन भाषा असतात तसे एका संगणकावर दोन ब्राउझर.

दुसरा रास्त उपयोग वर्गातला. प्रोजेक्टर लावलेल्या संगणकावर शिक्षकाची खासगी मेल, बँकेची सूचना, घरच्या खरेदीच्या जाहिराती मुलांसमोर झळकू नयेत. त्यासाठी वर्गाचा ब्राउझर वेगळा ठेवावा आणि घरून तयारी करताना सापडलेल्या लिंका एका क्लिकवर तिकडे टाकाव्यात.

आता हे एक्स्टेन्शन नेमकं करतं काय ते पाहू, कारण तारीफ करणाऱ्यांची गडबड इथेच होते. एक्स्टेन्शन हे ब्राउझरच्या आत कोंडलेलं असतं. संगणकावरचा दुसरा प्रोग्राम स्वतःहून सुरू करायची त्याला मुभा नसते, आणि नसावीच. म्हणून अशा बऱ्याच एक्स्टेन्शनांसोबत एक छोटा मदतनीस प्रोग्राम वेगळा बसवावा लागतो. विंडोजमध्ये त्याची नोंद रजिस्ट्रीत होते आणि एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं की हा प्रोग्राम कुठे आहे आणि कोणत्या एक्स्टेन्शनला त्याच्याशी बोलायची परवानगी आहे. तुम्ही क्लिक केलं की एक्स्टेन्शन मदतनीसाला पत्ता सांगतं, मदतनीस दुसरा ब्राउझर सुरू करून तो पत्ता त्याच्या हातात देतो. संपलं. बरेच जण एक्स्टेन्शन घेतात, मदतनीस बसवत नाहीत आणि मग म्हणतात, चालत नाही.

लक्षात घ्या, पलीकडे फक्त पत्ता जातो. तुमचं लॉगिन जात नाही, कारण ते कुकीच्या रूपाने पहिल्या ब्राउझरकडेच राहतं. अर्धा भरलेला अर्ज जात नाही. निवडलेला फोटो जात नाही. पोर्टलच्या आतल्या पानावरून लिंक तिकडे पाठवली की बहुतेक वेळा ‘सेशन संपलं’ किंवा लॉगिनचं पान समोर येतं, आणि माणूस वैतागून पहिल्या ब्राउझरमधलं पानही बंद करून बसतो. काही पोर्टलवर तर पान बदललं तरी वरचा पत्ता बदलतच नाही, त्यामुळे पाठवायला काही उरतच नाही. पासवर्ड बदलण्यासाठी येणाऱ्या एकदाच चालणाऱ्या लिंका असतात; त्या एका ब्राउझरमध्ये उघडून वापरल्या गेल्या की दुसऱ्यात मेलेल्या असतात. म्हणून ब्राउझर बदलायचा तर लॉगिनच्या आधी बदलावा. अर्जाच्या तिसऱ्या पानावर पोहोचल्यावर राइट क्लिक करू नये.

आणखी एक गोष्ट, जी सांगितल्यावर स्टाफरूममध्ये कुणाला पटत नाही. ‘क्रोममध्ये होत नव्हतं, एजमध्ये झालं’ यात श्रेय एजचं असतंच असं नाही. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सगळे आज क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये एजची नवी आवृत्ती आणली तीच या पायावर. इंजिन एक असेल तर एकाला न उमगणारं पान दुसऱ्याला एकाएकी उमगेल कसं? बहुतेकदा घडतं ते वेगळंच. पहिल्या ब्राउझरमध्ये जुन्या कुकी साचलेल्या असतात, पानाची जुनी प्रत साठवलेली असते, पॉपअप अडवलेले असतात, किंवा जाहिराती रोखणारं एखादं एक्स्टेन्शन पोर्टलचं बटणही रोखत असतं. दुसरा ब्राउझर कोरा असतो, म्हणून त्यात काम होतं. हे तपासायला दुसरा ब्राउझर लागत नाही. त्याच ब्राउझरची खासगी खिडकी, ज्याला इन्कॉग्निटो म्हणतात, उघडून पाहावी. तिथे काम झालं तर दोष कुकीचा किंवा एक्स्टेन्शनचा. तिथेही झालं नाही तर फायरफॉक्समध्ये पाहावं, कारण त्याचं इंजिन खरोखर निराळं आहे. आमच्याकडे एका सरकारी पोर्टलवर विद्यार्थ्याचं नाव दुरुस्त करताना ‘जतन करा’ हे बटणच उमटत नव्हतं. तीन ब्राउझर झाले, दोन संगणक झाले. पॉपअपची परवानगी दिल्यावर काम दोन मिनिटांत झालं.

तरीही ‘अमुक ब्राउझरच वापरा’ ही सक्ती काही काल्पनिक नव्हती आणि तिचा इतिहास आपल्या भाषांशी जोडलेला आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मराठी संकेतस्थळं युनिकोडमध्ये नव्हती. प्रत्येकाचा फॉन्ट स्वतःचा. वाचकाकडे तो नसेल तर पानाबरोबर ‘डायनॅमिक फॉन्ट’ पाठवायचे. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररला एका प्रकारचे लागत, नेटस्केपला दुसऱ्या प्रकारचे. जगातले नव्वद टक्क्यांहून जास्त लोक तेव्हा एक्सप्लोररच वापरत असल्याने पुष्कळांनी तेवढ्याचीच सोय केली. ९ नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. ज्यांनी हौसेने ती घेतली त्यांना मराठी बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसायचा. तेव्हा फायरफॉक्ससाठी ‘आयई व्ह्यू’ नावाचं एक्स्टेन्शन होतं: लिंकवर राइट क्लिक करा, पान एक्सप्लोररमध्ये उघडेल. आज आपण जे वापरतो त्याचा हा पूर्वज. त्याच काळात ‘पद्मा’ नावाचं दुसरं एक्स्टेन्शन आलं, ते मला जास्त आवडतं. वाचकाला दुसऱ्या दारी पाठवण्याऐवजी ते भारतीय लिप्यांतल्या त्या फॉन्टी मजकुराचं जागच्या जागी युनिकोडमध्ये रूपांतर करायचं. एकाने पळवाट दिली, दुसऱ्याने दुरुस्ती केली. उर्दूचे हाल तर याहून वाईट होते. इनपेजमध्ये मजकूर जुळवायचा, त्याचं चित्र करायचं आणि चित्रच पानावर टाकायचं. ते सगळ्या ब्राउझरमध्ये दिसायचं खरं, पण त्यातला एक शब्द शोधता येत नव्हता की कॉपी करता येत नव्हता.

फॉन्टचा प्रश्न युनिकोडने सोडवला. सहीचा राहिला. डिजिटल सहीसाठी सरकारी आणि बँकांची संकेतस्थळं जावा अॅप्लेट किंवा अॅक्टिव्हएक्सवर अवलंबून होती. क्रोमने २०१५ मध्ये तशा जुन्या प्लगइनना पूर्ण रजा दिली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. अॅक्टिव्हएक्स तर एक्सप्लोररशिवाय कुठे चालतच नव्हतं. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरचा एक्सप्लोरर ११ निवृत्त केला आणि एजमध्ये ‘आयई मोड’ ठेवला, तो किमान २०२९ पर्यंत चालवण्याचं त्यांनी सांगितलं आहे. ज्यांना अजून एखादं जुनं पान एक्सप्लोररमध्येच उघडावं लागतं त्यांनी त्यासाठी परकं एक्स्टेन्शन शोधू नये. एजच्या सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट ब्राउझर या भागात ही सोय चालू करता येते. आपण स्वतः यादीत घातलेला पत्ता तीस दिवस त्या मोडमध्ये उघडतो, मग पुन्हा घालावा लागतो. ही कटकट त्यांनी मुद्दाम ठेवली असावी असं मला वाटतं, लोकांनी जुन्याला चिकटून बसू नये म्हणून.

दक्षिण कोरियाने एकाच ब्राउझरला चिकटण्याची किंमत आपल्यापेक्षा जास्त मोजली. १९९९ च्या डिजिटल सहीच्या कायद्यानंतर तिथलं ऑनलाइन बँकिंग आणि खरेदी प्रमाणपत्रांवर आणि अॅक्टिव्हएक्सवर उभी राहिली. म्हणजे एक्सप्लोरर नसेल तर बाजारही नाही. २०१४ मध्ये एका कोरियन मालिकेतल्या नायिकेचा कोट चिनी प्रेक्षकांना विकत घ्यायचा होता आणि कोरियन संकेतस्थळांवर त्यांना पैसेच भरता येईनात. थेट राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-ह्ये यांनी या कोटाचं उदाहरण देऊन नियम बदलायला सांगितलं. सरकारमान्य प्रमाणपत्रांचा तो खास दर्जा मात्र डिसेंबर २०२० मध्येच गेला. इतकी वर्षं तिथल्या लोकांनीही दुसऱ्या ब्राउझरची पळवाट वापरूनच दिवस काढले असणार. पळवाट चालू असते तोवर रस्ता दुरुस्त होत नाही.

माझी तक्रार हीच आहे. केंद्र सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. पान निरनिराळ्या ब्राउझरवर नीट चाललं पाहिजे ही अपेक्षा त्यांत आहे. मग पोर्टल अडलं की ‘ब्राउझर बदलून बघा’ हे उत्तर का मिळतं? आपण शिक्षक ते उत्तर निमूट घेतो, एक्स्टेन्शन बसवतो, एकमेकांना युक्ती सांगतो आणि तक्रार कुणीच लिहीत नाही. ज्याला युक्ती येते त्याचं काम होतं. ज्याला येत नाही तो झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि अर्जामागे पैसे मोजतो. मुकुंदनगरची एखादी विधवा आई किंवा सावेडीत धुणंभांडी करणारी बाई ‘आयई मोड’ चालू करणार नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती सच्चर अहवालानंतर, २००८ मध्ये सुरू झाली. २०२२-२३ पासून ती नववी-दहावीपुरतीच उरली, त्यावर वेगळं लिहिता येईल. पण कुठल्याही शिष्यवृत्तीचा अर्ज बटण न उमटल्यामुळे राहून जाऊ नये. मुदतीची कामं वाढतच आहेत. वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठी ६ जून २०२५ ला केंद्राचं उमीद पोर्टल सुरू झालं तेव्हा सहा महिन्यांची मुदत होती आणि ज्यांनी आयुष्यात की-बोर्डला हात लावला नव्हता असे मुतवल्ली कागदांच्या थैल्या घेऊन तरुण पोरं शोधत फिरले. अशा माणसाला दुसरा ब्राउझर म्हणजे काय हे समजावण्यात आठवडा जातो.

सरकारने स्वदेशी ब्राउझरसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये स्पर्धा जाहीर केली, बक्षिसांची एकूण रक्कम ३ कोटी ४१ लाख रुपये. मार्च २०२५ मध्ये झोहोला पहिलं बक्षीस मिळालं. छान झालं. पण त्यांचा ‘उला’ही क्रोमियमच्याच पायावर आहे. आणि ब्राउझर कितीही स्वदेशी असला तरी न तपासलेलं पान त्यातही अडेल.

सुरक्षेचं बोलल्याशिवाय कुणालाही एक्स्टेन्शन सुचवणं मला बरोबर वाटत नाही. बसवताना परवानगीची चौकट येते आणि आपण ती न वाचता ‘जोडा’ दाबतो. लिंक पाठवण्यापुरत्या एक्स्टेन्शनला राइट क्लिकच्या यादीत जागा आणि मदतनीस प्रोग्रामशी बोलण्याची मुभा एवढं पुरतं. ‘सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी मागणी असेल तर थांबावं. काही एक्स्टेन्शन ठरलेले पत्ते आपोआप दुसरीकडे उघडतात, त्यांना पत्ते पाहावे लागतात हे खरं. पण ती सोय आपल्याला खरंच हवी आहे का? ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं एक्स्टेन्शन सुमारे वीस लाख लोक वापरत होते. मूळ कर्त्याने २०२० मध्ये ते दुसऱ्याच्या हाती दिलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने त्यात घातक कोड असल्याचं सांगून ते बंद केलं. वापरणाऱ्यांच्या संगणकावर मालक बदलल्याची चिठ्ठी आली नव्हती. शाळेच्या संगणकावर मुलांचे आधार क्रमांक, पालकांचे बँक खाते, जातीचे दाखले असतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीला खास संरक्षण दिलं आहे. शाळेच्या संगणकावर नवं एक्स्टेन्शन मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय बसवूच नये असं माझं मत आहे. मदतनीस प्रोग्राम तर त्याहून मोठी गोष्ट, तो ब्राउझरच्या कोंडवाड्याबाहेर चालतो. घरच्या संगणकावर तुमची मर्जी.

लिंक कुठे उघडणार हे ठरवण्यात कंपन्यांनाही रस असतो हेही ध्यानात असू द्या. डीफॉल्ट ब्राउझर फायरफॉक्स ठेवला तरी विंडोजच्या शोधपट्टीतली लिंक एजमध्येच उघडते. ती वळवणारं ‘एजडिफ्लेक्टर’ नावाचं साधन होतं, ते चालणार नाही असा बदल मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२१ च्या सुमारास केला. आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड लावला, त्यात अँड्रॉइडच्या जोरावर क्रोम पुढे रेटण्याचाही मुद्दा होता.

आणि पालकांचा सगळा कारभार तर फोनवरच चालतो. “मॅडम, मोबाइल में तो खुलताच नै,” हे वाक्य जून महिन्यात रोज ऐकू येतं. अँड्रॉइडवरचं क्रोम एक्स्टेन्शन घेत नाही. फायरफॉक्स घेतो, डिसेंबर २०२३ पासून तिथे शेकडो उपलब्ध आहेत. पण पालकांना एक्स्टेन्शनची गरजच नाही. लिंक फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर दाबली की ती अॅपच्या आतल्याच खिडकीत उघडते. तिथे फाइल चढवताना किंवा पावती उतरवताना अडचण येऊ शकते. शिवाय फेलिक्स क्राउझे या अभ्यासकाने ऑगस्ट २०२२ मध्ये दाखवलं की या खिडक्यांमध्ये अॅप स्वतःचा कोडही पानात घालतं. तिथे बँकेचा किंवा आधारचा तपशील टाइप करू नये. वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले की ‘ब्राउझरमध्ये उघडा’ हा पर्याय मिळतो. पालकसभेत हे एकदा प्रत्यक्ष फोन हातात घेऊन दाखवावं, आणि अर्ज सुरू करण्याआधी दाखवावं, कारण फोनवरही पलीकडे जातो तो फक्त पत्ताच.